फसलेल्या औषधांची दुसरी परीक्षा

१९९० च्या दशकात एका नव्या औषधाकडून डॉक्टरांना मोठ्या आशा होत्या. ल्युपससारख्या आजारात शरीराची संरक्षणयंत्रणा स्वतःच्याच अवयवांवर उलटते. तिला आवर घालण्यासाठी तयार केलेलं हे एक प्रतिपिंड होतं, नाव एचयू-५सी-८. प्राण्यांवरच्या चाचण्यांत काही वावगं दिसलं नव्हतं. माणसांवरच्या चाचण्या सुरू झाल्या आणि काही रुग्णांच्या रक्तवाहिन्यांत गुठळ्या होऊ लागल्या. दुष्परिणाम जिवावर बेतणारा होता. चाचण्या थांबल्या आणि औषध बाजूला पडलं.

हेच औषध २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पुन्हा भेटतं. या वेळी ते कोणा रुग्णाला दिलेलं नव्हतं. पेन ड्राइव्हएवढ्या पारदर्शक पट्टीतल्या एका बारीक वाहिनीत ते सोडलं होतं. त्या वाहिनीला आतून माणसाच्या रक्तवाहिनीतल्या पेशींचं अस्तर होतं आणि तिच्यातून माणसाचं रक्त वाहत होतं. रुग्णांच्या रक्तात असायचं त्याच प्रमाणात औषध मिसळल्यावर वाहिनीत गुठळ्या झाल्या. मग संशोधकांनी औषधाचं थोडं बदललेलं रूप घेतलं. मूळ प्रतिपिंडाचं एक टोक प्लेटलेट्सवरच्या एका ग्राहीला चिकटतं आणि तिथून गुठळीची सुरुवात होते, असा संशय होता. नव्या रूपात चिकटण्याची ती सोय काढून टाकली होती. या वेळी गुठळ्या झाल्या नाहीत.

या तंत्राला ऑर्गन-ऑन-चिप म्हणतात. आपण त्याला चिपवरचा अवयव म्हणू. त्याच्याविषयी लिहिताना बहुतेक जण चिपच्या कारागिरीत रमतात, आणि ती कारागिरी आहेच तशी. पण मला या प्रयोगातली दुसरी गोष्ट अधिक मोलाची वाटते. प्रयोगाला एक चिप लागली आणि एक फसलेलं औषध लागलं. चिपचं मूळ हार्वर्ड विद्यापीठात होतं. औषध कुठे फसलं, किती मात्रेला फसलं, त्याचं रूप बदलायचं तर कसं, हे ज्ञान औषध उद्योगाकडे होतं. प्रयोग केला तो हार्वर्डमधल्या संशोधनातून निघालेल्या एम्युलेट या कंपनीनं आणि जॉन्सन अँड जॉन्सन समूहातल्या यान्सेननं मिळून.

उद्योग आणि विद्यापीठ यांच्या सहकार्याचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांसमोर आधी पैसा येतो. उद्योगानं निधी द्यायचा, विद्यापीठानं शोध लावायचा. चिपवरच्या अवयवांची गेल्या पंधरा वर्षांची वाटचाल पाहिली की हे चित्र अपुरं वाटू लागतं. उद्योगानं या क्षेत्राला दिलेली सर्वांत मौल्यवान वस्तू म्हणजे त्याच्या स्वतःच्या अपयशांची नोंद.

एकट्या पडलेल्या पेशी

मुळात अशा चिपची गरज का पडली? १९९३ मधली एक घटना त्याचं उत्तर देते. अमेरिकेतल्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थमध्ये, म्हणजे एनआयएचमध्ये, हिपॅटायटिस बी झालेल्या १५ रुग्णांना फायअल्युरिडिन नावाचं औषध दिलं जात होतं. उंदीर, कुत्री आणि माकडांवर ते आधी तपासलं होतं. काही आठवड्यांनी रुग्णांची यकृतं निकामी होऊ लागली. सात जणांची प्रकृती गंभीर झाली. त्यांतले पाच जण दगावले, दोघांना यकृतारोपणानं वाचवता आलं.

कारण पुढे कळलं. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियात शिरून हे औषध तिथला डीएनए बनवण्याचं काम बिघडवत होतं. माणसाच्या मायटोकॉन्ड्रियाच्या आवरणात या औषधाला आत नेणारं एक वाहक प्रथिन असतं. उंदराच्या मायटोकॉन्ड्रियात त्या जागी ते नसतं. दार नव्हतं म्हणून विष आत गेलं नाही आणि उंदीर सुखरूप राहिले. प्रयोगात कोणी हलगर्जी केली होती असं नाही. उंदीर म्हणजे लहान माणूस नव्हे, एवढीच गोष्ट होती आणि तिची किंमत पाच माणसांनी मोजली.

मग माणसाच्याच पेशी प्रयोगशाळेत वाढवून त्यांच्यावर औषध का तपासू नये? तसं गेली अनेक दशकं केलं जातं. पण प्लॅस्टिकच्या ताटलीत पसरलेली यकृताची पेशी काही दिवसांतच आपलं काम विसरू लागते. शरीरात तिच्या शेजारी दुसऱ्या जातीच्या पेशी असतात, बाजूनं रक्त वाहत असतं, त्या प्रवाहाचा दाब तिला जाणवत असतो. फुप्फुसाची पेशी तर जन्मभर ताणली आणि सैल सोडली जाते. ताटलीत यातलं काहीच नसतं. माशाला पाण्याबाहेर काढून त्याच्या पोहण्याचा अभ्यास करावा, तसं ते होतं. चिपवरच्या अवयवाची कल्पना यातूनच आली. अख्खा अवयव बनवायचा नाही. पेशीला आपण अवयवात आहोत असं वाटेल, एवढाच भोवताल तिला द्यायचा.

श्वास घेणारी पट्टी

या नावातली ‘चिप’ संगणकाच्या कारखान्यातून आली आहे. सिलिकॉनच्या चकतीवर प्रकाशाच्या साहाय्यानं अतिसूक्ष्म नक्षी कोरायची, तो साचा धरून त्यावर पातळ सिलिकोन रबर ओतायचं आणि घट्ट झाल्यावर सोलून काढायचं. पाडव्याच्या साखरगाठी लाकडी साच्यातून काढतात, तीच रीत, फक्त नक्षी केसाहून बारीक. हार्वर्डमधले रसायनशास्त्रज्ञ जॉर्ज व्हाइटसाइड्स यांनी १९९० च्या दशकात ही पद्धत इतकी सोपी केली की जीवशास्त्राच्या प्रयोगशाळांनाही ती जमू लागली. त्यासाठी वापरायचं पीडीएमएस नावाचं सिलिकोन पारदर्शक, लवचिक आणि हवा आरपार जाऊ देणारं असतं. पेशींना मानवतं आणि सूक्ष्मदर्शकालाही.

स्विस उद्योजक हान्सयोर्ग वीस यांच्या देणगीतून हार्वर्डमध्ये उभ्या राहिलेल्या संस्थेत डोनाल्ड इंगबर, डॅन हुह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच साहित्यातून फुप्फुसाची चिप बनवली. २०१० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात ती जगापुढे आली. तिची रचना समजून घेण्यासारखी आहे. एकावर एक दोन वाहिन्या, मध्ये दहा मायक्रॉन जाडीचा सच्छिद्र पडदा. पडद्याच्या वरच्या अंगाला फुप्फुसातल्या वायुकोशाच्या पेशी, त्यांच्यावर हवा. खालच्या अंगाला केशवाहिनीच्या पेशी, त्यांच्याखालून वाहता द्रव. दोन्ही बाजूंना रिकामे कप्पे. त्या कप्प्यांतली हवा ठरावीक लयीत शोषली की मधला पडदा ताणला जातो, सोडली की पूर्ववत होतो. पट्टी श्वास घेऊ लागते.

संशोधकांनी हवेच्या बाजूला जिवाणू सोडले आणि खालच्या वाहिनीतून मानवी रक्तातल्या पांढऱ्या पेशी. काही वेळात पांढऱ्या पेशी केशवाहिनीच्या अस्तराला चिकटल्या, पडद्याच्या छिद्रांतून वर चढल्या आणि जिवाणूंना गिळू लागल्या. न्यूमोनियात आपल्या छातीत हेच घडतं. इथे ते सूक्ष्मदर्शकाखाली, घडत असताना, डोळ्यांनी पाहता आलं.

दोनच वर्षांनी या चिपनं तिचा खरा उपयोग दाखवला. इंटरल्युकिन-२ हे कर्करोगावरचं एक औषध आहे. ते घेणाऱ्या काही रुग्णांच्या केशवाहिन्या गळू लागतात आणि फुप्फुसात पाणी भरतं. चिपमध्ये रुग्णांच्या मात्रेइतकंच इंटरल्युकिन-२ सोडल्यावर, रुग्णांना लागतात साधारण तेवढ्याच दिवसांत, हवेच्या वाहिनीत पाणी झिरपू लागलं. पण श्वासाची हालचाल बंद ठेवली तर गळती खूप कमी होत होती. ताणल्या जाण्यानंच गळती वाढते, ही गोष्ट स्थिर ताटलीत कधीच उमगली नसती. त्याखेरीज, ही गळती होण्यासाठी रक्तातल्या पांढऱ्या पेशींची गरज नाही, हेही स्पष्ट झालं.

इथे उद्योग आला. ग्लॅक्सोस्मिथक्लाइन ही कंपनी फुप्फुसात पाणी होण्यावर वेगळ्या वाटेनं काम करत होती. पेशीच्या आवरणातला एक मार्ग ताणाला प्रतिसाद देऊन उघडतो. त्याला बंद करणारा एक रेणू कंपनीनं घडवला होता. तो चिपमध्ये टाकल्यावर गळती थांबली. विद्यापीठाकडे प्रश्न पाहण्याची खिडकी होती, कंपनीकडे उत्तराचा एक रेणू होता. दोघांनी आपापलं सामान एकत्र मांडलं म्हणून २०१२ चा तो निष्कर्ष निघाला.

एका हातातून शंभर हातांत

विद्यापीठातली चिप आणि औषध कंपनीला हवी असलेली चिप यांत मोठं अंतर असतं. विद्यापीठात एखादी पीएच.डी. करणारी मुलगी महिनोन्‌महिने खपून हात बसवते. बुडबुडा कधी अडकतो, पेशी किती दाट पेरायच्या, पंप कधी थांबवायचा, हे तिच्या बोटांना कळतं. तिचा प्रबंध होतो, ती पुढे जाते आणि तिच्यासोबत ती चिपही जवळजवळ निघून जाते. कंपनीला मात्र आज, उद्या, पुढच्या वर्षी, वेगळ्या शहरात, वेगळ्या माणसाच्या हातून तेच उत्तर हवं असतं. तेही एका वेळी शेकडो चिपवर.

पीडीएमएसचंच उदाहरण घ्या. संशोधकाला आवडणारं हे साहित्य पाण्यात न विरघळणाऱ्या लहान रेणूंना स्वतःमध्ये शोषून घेतं. अनेक औषधं नेमकी अशाच रेणूंची असतात. आपण चिपमध्ये दहा भाग औषध ओतलं आणि भिंतींनीच त्यातलं बरंच पिऊन टाकलं, तर पेशींना किती पोचलं? शोधनिबंधाच्या पातळीवर हा तळटीपेचा विषय असतो. मात्रा ठरवायला बसलेल्या औषध कंपनीसाठी तो पहिलाच प्रश्न असतो. साहित्य बदला, शोषण मोजा, दर वेळी सारखीच चिप द्या, ही मागणी उद्योगाकडून आली आणि तिनं विद्यापीठातल्या अभियंत्यांना पुन्हा कामाला लावलं.

हे अंतर ओलांडण्यासाठी ठिकठिकाणी विद्यापीठांतून छोट्या कंपन्या निघाल्या. हार्वर्डमधून एम्युलेट, बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठातून टिश्यूज, नेदरलँड्समधल्या लायडनमधून २०१३ साली मिमेटास. यांतली मिमेटासची युक्ती मला फार शहाणपणाची वाटते. औषध कंपन्यांतले यंत्रमानव आणि सूक्ष्मदर्शक वर्षानुवर्षं ३८४ खाचांच्या ठरावीक मापाच्या ताटलीवर काम करतात. मिमेटासनं आपल्या चिप त्याच मापाच्या ताटलीखाली बसवल्या. पंप आणि नळ्याही काढून टाकल्या. ताटली झोक्यासारखी आलटून पालटून तिरपी केली की गुरुत्वाकर्षणानं द्रव वाहतो. कारखान्याला नवी भाषा शिकवण्यापेक्षा त्याच्याच भाषेत बोललेलं बरं, हे त्यांनी ओळखलं. रोश कंपनीसोबतच्या, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात त्यांनी आतड्याच्या ३५७ सूक्ष्म नळ्यांवर औषधांमुळे होणारी गळती मोजली आणि २० हजारांहून अधिक मोजमापं मिळवली. एका हातानं बनवलेल्या एका चिपपासून हे क्षेत्र इथवर आलं.

मधला पंच

शोध लावणारा आपल्या चिपचं कौतुक करणारच. विकत घेणारी कंपनी आपले फसलेले रेणू सगळ्यांना दाखवणार नाही. अशा वेळी दोघांच्या मध्ये कोणीतरी उभं राहावं लागतं. अमेरिकेत ते काम सरकारनं केलं. २०१२ साली एनआयएच, संरक्षण खात्याची संशोधन संस्था डार्पा आणि औषधांना परवानगी देणारी एफडीए यांनी मिळून चिपवरच्या अवयवांसाठी कार्यक्रम सुरू केला. ज्या संस्थेच्या परवानगीशिवाय औषध बाजारात येत नाही तीच पहिल्या दिवसापासून सोबत होती, ही दूरदृष्टी मोठी होती. चिप पूर्ण झाल्यावर एफडीएच्या दारात जायचं, ही वेळच आली नाही. कसला पुरावा लागेल हे सुरुवातीपासूनच विचारता येत होतं.

त्याच कार्यक्रमात २०१६ साली आणखी एक पाऊल पडलं. एमआयटी आणि टेक्सास ए अँड एम विद्यापीठ इथे चाचणी केंद्रं निघाली. दुसऱ्या प्रयोगशाळांनी बनवलेल्या चिप तिथे नेऊन, त्या न बनवलेल्या माणसांनी, तेच निकाल मिळतात का हे पाहायचं. मिळालेली सगळी आकडेवारी पिट्सबर्ग विद्यापीठातल्या समाईक भांडारात ठेवायची. या कामात नाव होत नाही. कोणी नवा शोध लावत नाही, गाजलेल्या नियतकालिकाचं मुखपृष्ठ मिळत नाही. पण एखाद्याची पाककृती दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात उतरते का, हे पाहिल्याशिवाय ती पाककृती खरी म्हणता येत नाही. पुढे टेक्सासच्या केंद्राभोवती औषध आणि रसायन कंपन्या व सरकारी संस्था यांचा एक संघच तयार झाला.

औषध कंपन्यांनीही आपल्या बाजूनं हात पुढे केला. एरवी एकमेकींच्या स्पर्धक असलेल्या कंपन्यांच्या आयक्यू या समूहानं चिपवरच्या अवयवांसाठी २०१८ साली वेगळा गट केला. या गटानं सांगितलं की यकृताची चिप चांगली आहे असं आम्ही कधी मानू. त्यासाठी त्यांनी औषधांच्या जोड्या सुचवल्या. रचनेनं बहिणी वाटाव्यात अशी दोन औषधं, त्यांतलं एक यकृताला घातक ठरलेलं आणि दुसरं त्या मानानं निर्धोक. मधुमेहावरचं ट्रॉग्लिटॅझोन यकृताला इजा करतं म्हणून २००० साली अमेरिकेच्या बाजारातून काढून घ्यावं लागलं. त्याच घराण्यातलं पायोग्लिटॅझोन अजूनही वापरात आहे. चिपला या दोघांतला फरक कळला पाहिजे. ही प्रश्नपत्रिका विद्यापीठातल्या कोणालाही एकट्यानं काढता आली नसती. प्रत्येक घातक औषधामागे रुग्ण आहेत, खटले आहेत, बुडालेला पैसा आहे. त्या सगळ्यातून निघालेलं शहाणपण कंपन्यांनी प्रश्नांच्या रूपात सर्वांपुढे ठेवलं.

परीक्षेचा निकाल

एम्युलेटनं आयक्यू गटाच्या या मार्गदर्शक तत्त्वांच्या आधारे आपल्या यकृत-चिपची परीक्षा घेतली. ८७० चिप, २७ औषधं. डिसेंबर २०२२ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. प्राण्यांवरच्या चाचण्यांतून निसटलेली आणि माणसाच्या यकृताला घातक ठरलेली औषधं चिपनं ८७ टक्के वेळा ओळखली. निर्धोक औषधांपैकी एकालाही तिनं चुकून घातक ठरवलं नाही.

हे आकडे उत्साह वाढवणारे आहेत, पण ते नीट वाचायला हवेत. यादीत निर्धोक औषधं थोडीच होती, त्यामुळे शंभर टक्क्यांवर फार भार टाकता येत नाही. शिवाय परीक्षा घेणारी कंपनी चिप विकणारीही होती. म्हणूनच वर सांगितलेल्या पंचाची गरज संपत नाही. याआधी, २०१९ मध्ये, एम्युलेटनं यान्सेन आणि अ‍ॅस्ट्राझेनेकाच्या शास्त्रज्ञांसोबत उंदीर, कुत्रा आणि माणूस यांच्या यकृताच्या चिप एकमेकींशेजारी ठेवून औषधांचे परिणाम तपासले होते. माझ्या मते तो प्रयोग अधिक खोल जाणारा होता. प्राण्याला इजा करणारं औषध माणसालाही करेलच का, हा उलटा प्रश्न त्यातून विचारता येतो. उंदराच्या यकृतानं नापास केलेलं एखादं औषध माणसाच्या उपयोगाचं असू शकतं. फसलेल्या औषधांच्या कपाटात काही निरपराधही असतील.

कायदाही बदलू लागला. १९३७ मध्ये अमेरिकेत सल्फा औषधाच्या विषारी द्रावणानं शंभराहून अधिक माणसं मेली, त्यात बरीच मुलं होती. त्यातून १९३८ चा कायदा आला आणि नव्या औषधाची प्राण्यांवर चाचणी हा रिवाज पक्का झाला. २९ डिसेंबर २०२२ रोजी त्या कायद्यात दुरुस्ती झाली. माणसांवरच्या चाचण्यांची परवानगी मागताना प्राण्यांच्या चाचण्यांऐवजी चिपवरच्या अवयवांसारख्या पद्धतींचा पुरावाही देता येईल, हे कायद्यात स्पष्ट लिहिलं गेलं. सप्टेंबर २०२४ मध्ये एफडीएनं एम्युलेटची यकृत-चिप आपल्या एका मूल्यांकन कार्यक्रमात घेतली. तिथवर पोचलेली ती पहिली ऑर्गन-ऑन-चिप. एप्रिल २०२५ मध्ये प्रतिपिंड औषधांसाठी प्राण्यांवरच्या चाचण्या टप्प्याटप्प्यानं कमी करण्याचा आराखडा जाहीर झाला. लेखाच्या सुरुवातीचं एचयू-५सी-८ हेही प्रतिपिंडच होतं.

ज्या आजाराला उंदीरच नाही

या सहकार्याचा मला सर्वांत हृद्य वाटणारा प्रसंग मायकेल शुलर आणि जेम्स हिकमन यांच्या कामातला आहे. शुलर कॉर्नेल विद्यापीठातले रसायन अभियंते. कारखान्यात एका टाकीतून दुसऱ्या टाकीत द्रव जातो, प्रत्येक टाकीत त्याच्यावर काही क्रिया होते. शरीराकडेही त्यांनी तसंच पाहिलं. यकृत ही एक टाकी, फुप्फुस दुसरी, चरबी तिसरी. हार्वर्डच्या फुप्फुसाच्या कितीतरी आधी त्यांनी अनेक अवयवांच्या पेशी जोडलेली चिप करून पाहिली होती. यकृतात तयार झालेला पदार्थ फुप्फुसाला कसा बाधतो, हे त्यातून कळू शकत होतं. पुढे हिकमन यांच्यासोबत त्यांनी फ्लोरिडात हेस्पेरॉस ही कंपनी काढली.

मज्जातंतूंचे काही दुर्मीळ आजार असे आहेत की संरक्षणयंत्रणा तंतूंभोवतीच्या आवरणावर हल्ला करते आणि हातापायांतलं बळ जातं. रुग्ण थोडे असतात. प्राण्यांत हे आजार नीट उभे करता येत नाहीत. मग औषध तपासायचं कशावर? सॅनोफी कंपनीकडे या हल्ल्याची साखळी तोडू शकेल असं प्रतिपिंड होतं. हेस्पेरॉसनं चिपवर माणसाच्या चेतापेशी आणि त्यांना आवरण देणाऱ्या पेशी वाढवल्या, त्यांत रुग्णांच्या रक्तातला द्रव सोडला आणि संदेश वाहण्याचा वेग मंदावलेला पाहिला. औषध दिल्यावर वेग सुधारला. २०२२ मध्ये हे काम प्रसिद्ध झालं. औषध गुणकारी ठरू शकतं याचा चिपवरचा पुरावा माणसांवरच्या चाचणीच्या परवानगीसाठी वापरला गेला, त्याचं हे पहिलं उदाहरण मानलं जातं. थोडे रुग्ण असलेल्या आजाराकडे बाजार सहसा पाठ फिरवतो. तिथे विद्यापीठाचं कुतूहल आणि कंपनीचं औषध एकत्र आलं, याचं मोल पैशात होत नाही.

हे सगळं सुरळीत चालतं असं मात्र नाही. विद्यापीठाला निकाल छापायचा असतो, कंपनीला पेटंट मिळेपर्यंत गप्प राहायचं असतं. कंपनीला पुढच्या तिमाहीत उत्तर हवं असतं, संशोधकाला ‘हे असं का’ यात रमायचं असतं. चिपमधल्या पेशी कोणा रुग्णानं दिलेल्या असतात, तेव्हा त्याच्या संमतीचा मानही राखायचा असतो. आणि चिपच्या मर्यादाही खऱ्या आहेत. तिच्यात वर्षानुवर्षांचं वय नाही, गर्भारपण नाही, मेंदूपासून आतड्यापर्यंतचा अखंड संवाद नाही. काही प्रश्नांसाठी प्राण्यांवरच्या चाचण्या अजून काही काळ राहतील. म्हणून सहकार्य टिकायचं तर करारात दोन गोष्टी सुरुवातीलाच ठरायला हव्यात: निकाल वाईट आला तरी छापायचा, आणि फसलेला रेणू लपवायचा नाही.

आपल्याकडची कपाटं

आता आपल्याकडे पाहू. मार्च २०२३ मध्ये भारतानं नव्या औषधांच्या आणि वैद्यकीय चाचण्यांच्या नियमांत दुरुस्ती केली आणि चिपवरच्या अवयवांसह प्राण्यांविना होणाऱ्या पद्धतींना मान्यता दिली. हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी आणि रेणूजीवशास्त्राच्या संस्थेच्या आवारात अशा पद्धतींना वाहिलेलं केंद्र आहे. मुंबईत आयआयटी आणि माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था (आयसीटी) इथे या विषयावर काम करणारे गट आहेत. आयसीटी म्हणजे १९३३ साली मुंबई विद्यापीठात सुरू झालेलं यूडीसीटी. उद्योगाशी हातात हात घालून चालणं हा तिचा जुना स्वभाव. डॉ. रेड्डीज ही कंपनी उभी करणारे अंजी रेड्डी तिथेच शिकले आणि पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत त्यांनी पीएच.डी. केली.

आपल्या औषध उद्योगाचा पाया मुख्यतः जेनेरिक औषधांचा आहे. तेव्हा आपल्याकडे फसलेल्या नव्या रेणूंची मोठी कपाटं कुठून असणार, असा प्रश्न येईल. पण अपयशाची नोंद आपल्याकडेही आहे, फक्त ती वेगळ्या कपाटात आहे. जगातल्या क्षयरोगाच्या रुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा भारतात आहे. क्षयाच्या उपचारात आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, पायरॅझिनामाइड ही औषधं महिनोन्‌महिने घ्यावी लागतात आणि ती काही रुग्णांच्या यकृताला सोसत नाहीत. डोळे पिवळे होतात, औषधं थांबवावी लागतात, मग एकेक करून पुन्हा सुरू करावी लागतात. भारतात औषधांमुळे यकृताला होणाऱ्या इजेच्या प्रमुख कारणांत क्षयाची औषधं आहेत. काही माणसांचं यकृत आयसोनियाझिडचा निचरा सावकाश करतं, कारण त्यासाठी लागणारं एन्झाइम त्यांच्यात मंद असतं. ते जन्मजात असतं. कोणाचं यकृत डगमगेल हे आधी सांगता आलं, तर एकाही गोळीचा नवा शोध न लावता माणसं वाचतील.

अशी चिप भारतीय माणसांच्या यकृतपेशींपासून बनायला हवी, वेगवेगळ्या जन्मजात घडणीच्या माणसांच्या पेशींपासून. बॉस्टन किंवा लायडनमध्ये तिची तातडी कोणाला वाटावी? ती आपल्यालाच वाटायला हवी. आणि तिला लागणारं सगळं आपल्या हाताशी आहे. मुंबईत शिवडीला क्षयरोग रुग्णालय आहे. कोणत्या रुग्णाला कोणती गोळी सोसली नाही, याचं ज्ञान तिथल्या डॉक्टरांइतकं कोणाकडे असेल? क्षयाच्या औषधांच्या निर्मितीत जगात मोठं नाव असलेल्या ल्युपिनचं मुख्यालय सांताक्रूझला आहे. आणि माटुंग्याच्या प्रयोगशाळा या दोहोंच्या मधोमध आहेत. शिवडी ते माटुंगा हे अंतर लोकलच्या काही स्टेशनांचं आहे. रुग्णालयातला केसपेपर, कंपनीतला रेणू आणि प्रयोगशाळेतली चिप या तीन गोष्टी तेवढं अंतर कापून एकत्र आल्या, तर उद्या गिरणगावातल्या कोणा मुलीला क्षयाची पहिली गोळी देण्याआधी डॉक्टरांना ठाऊक असेल की ही गोळी तिच्या यकृताला सोसेल की नाही.